स्नायू फुगत नाही

मृतदेहाला कपडे चढविताना घरातील जाणती मंडळी घाई करतात. हात वेळीच जुळवून बोटांत रोझरी गुंफली नाही, तर पुढे ते वळत नाहीत. हा ताठरपणा आम्ही कित्येक घरांत पाहिला. त्याचे कारण मात्र फार उशिरा आमच्या वाचनात आले. त्या शोधाच्या वाटेवर एक बिशपही भेटतात.

निल्स स्टेन्सन १६३८ साली कोपनहेगन येथे एका लुथरपंथीय सोनाराच्या घरी जन्मले. त्या काळची समजूत अशी की, मेंदूतून मज्जातंतूंवाटे एक सूक्ष्म द्रव्य स्नायूत उतरते, स्नायू पखालीसारखा फुगतो आणि म्हणून आखूड होतो. देकार्तही ह्याच मताचे. १६६४ साली स्टेन्सन यांनी लिहिले की, हृदय ही उष्णतेची भट्टी नसून निव्वळ स्नायू आहे. १६६७ साली फ्लॉरेन्स येथे छापलेल्या ग्रंथात तर त्यांनी चक्क भूमितीच्या आधारे दाखविले की, तंतू आखूड झाले तरी स्नायूचे आकारमान वाढण्याची गरज नाही. त्याच वर्षी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १६७५ साली ते धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. (आपल्याकडे हे नाव फारसे कानी पडत नाही, याची आम्हांला खंत वाटते.) इटलीतील बोरेली यांच्यासारख्या गणितज्ञाने मात्र फुगण्याचीच बाजू घेतली आणि ती भूमिती अडगळीत पडली.

१९५४ साली अँड्र्यू हक्सली व निडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन ह्या दोन जोड्यांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात उलगडा मांडला. मायोसिन व ॲक्टिन ह्या प्रथिनांचे धागे स्वतः आखूड होत नाहीत. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत सरकावीत, तसे ते एकमेकांत सरकतात. स्टेन्सन यांचा तंतू आणि हा धागा एक नव्हे; पण स्नायू फुगत नाही, हे त्यांचे म्हणणे टिकले.

ह्या सरकण्याची ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून येते. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांना तो सापडला. स्नायूत त्याचा साठा काही क्षणांपुरताच असतो. अन्न व प्राणवायू यांच्या बळावर तो सतत भरून निघतो. मायोसिन ॲक्टिनला धरते, ओढते. ती पकड सुटते मात्र नवा एटीपी येऊन चिकटल्यावरच. ऊर्जा धरण्यासाठी लागते, असे आम्ही समजत होतो; ती सोडण्यासाठीही लागते. श्वास थांबला की थोड्याच वेळात एटीपी संपतो आणि पकडी जागच्या जागी राहतात. दोन-चार तासांत हात ताठू लागतात. पुढे प्रथिनेच विघटू लागली की ते पुन्हा सैल होतात. पण तोवर बहुधा दफनविधी आटोपलेला असतो.