कलबुर्गीची जामा मशीद : अंगणाशिवाय उभारलेली वास्तू

कर्नाटकातील कलबुर्गी, म्हणजेच पूर्वीचे गुलबर्गा, येथील किल्ल्यातली जामा मशीद बहामनी राजवटीच्या आरंभकाळातील वास्तू होय. येथील शिलालेखानुसार ती १३६७ मध्ये, पहिल्या मुहम्मदशहाच्या कारकिर्दीत, इराणमधील कझवीनच्या रफी याने बांधली.

जामा मशिदीत मध्यभागी मोकळे अंगण असण्याचा प्रघात. येथे ते नाहीच. सुमारे २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद असा सारा विस्तार छताखाली आहे. मिहराबासमोर उंच चौकोनी बैठकीवर मुख्य घुमट, चार कोपऱ्यांत चार मध्यम घुमट आणि मधल्या भागावर ६३ लहान घुमट अशी रचना दिसते. अंगण नसताना उजेडाची सोय बाहेरच्या भिंतींनी केली आहे. पश्चिमेखेरीज तिन्ही बाजूंना त्या कमानींनी खुल्या ठेवल्या आहेत. लगतच्या ओवरीतील कमानी बुटक्या आधारांवरून उठतात, पण त्यांचा पल्ला विलक्षण रुंद आहे. वास्तूचे खरे वैभव घुमटांपेक्षा या कमानींतच आहे.

स्पेनमधील कोर्दोव्हाच्या मशिदीशी तिची तुलना नेहमी होते. मात्र कोर्दोव्हालाही प्रांगण आहे.

पंधराव्या शतकात राजधानी बिदरला हलली. एवढ्या भव्य प्रमाणात हा आराखडा दख्खनमध्ये पुन्हा साकारला नाही. विजापूरच्या जामा मशिदीत अंगण परतले.