पूस नदीचा निस्तार

वाशीम शहराच्या परिसरात उगम पावून, आग्नेयेची वाट धरून, पुसदच्या कसब्याजवळून वाहत महागाव तालुक्यात हिवरा संगम येथे पैनगंगेला मिळणारी पूस ही नदी इतिहासग्रंथांत क्वचितच भेटते. आणि त्यात नवल नाही, कारण राज्यकर्त्यांना नदी आठवते ती सरहद्द म्हणून, आणि तो मान या मुलुखात पैनगंगेकडे गेला. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केल्यावर पैनगंगेच्या एका तीरावर इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या तीरावर मोगलाई अशी स्थिती झाली. पूस मात्र सगळीच्या सगळी अलीकडची, म्हणजे इंग्रजी अंमलाच्या बाजूची. पुढे १९०५ साली वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून चार करण्यात आले, वाशीम जिल्हा संपुष्टात आला, पुसद तालुका वणी जिल्ह्याला जोडून त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले, आणि नदीचा उगम एका जिल्ह्यात व मुख दुसऱ्यात अशी वाटणी झाली, जिची दखल नदीने घेतली नाही.

जुन्या वऱ्हाडचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानीत, त्यांत हा प्रदेश बालाघाटात, म्हणजे घाटावरच्या मुलुखात मोडे; पण अजिंठ्याच्या फाट्यांमधून उतरून काळ्या मातीच्या खोऱ्यात आलेल्या माणसाला आपण सखल प्रदेशात आहोत असेच वाटते.

गावाने वहिवाटीने घ्यावयाचे सरपण, चारा, पाणी यांस विदर्भाच्या महसुली भाषेत निस्तार म्हणतात. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रक टिकले, आणि पाणी घेण्याच्या, वाटेच्या व मासेमारीच्या रूढी नोंदविणारे वाजिब-उल-अर्जही टिकले. नदीचे खरे चरित्र मला या रुक्ष कागदांच्या बाजूने अधिक दिसते. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी, त्याखाली गुरांचा उतार, सर्वांत खाली धुण्याचे दगड, हा क्रम सांगायला पाटलाची गरज पडत नसे. वैशाखात धार आटली की बाया रेतीत हातभर खोल झिरा उकरीत; पहिले गढूळ पाणी वाटीने उपसून टाकीत, आणि मग रेतीतून गाळून येणारे नितळ पाणी वाटीवाटीने गुंडात, म्हणजे घागरीत, भरीत बसत. एक गुंड भरायला किती वेळ लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या सकाळी याच पात्रात बैल धुतले जात.

१९७१ च्या सुमारास पुसदच्या वरच्या अंगाला धरण झाले. मुख्यमंत्रिपदी तेव्हा याच तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. कालव्याचे पाणी पाळीने मिळू लागले, गव्हाचे शिवार वाढले, आणि पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या हाती पाटाचे वेळापत्रक आले.

नदीच्या रेतीत लावलेल्या टरबुजांच्या वाडीला, म्हणजे डांगरवाडीला, मात्र कोणतेच वेळापत्रक लागू पडत नाही. रेतीत चर खणावा, तळाशी शेणखत घालावे, बी लावून वेल वाढेपर्यंत हाताने पाणी द्यावे, काटेरी कुंपण करावे, आणि मृगाचा पूर येण्याआधी टरबुजे बाजारात न्यावीत. पूर लवकर आला तर वाडी गेली. शिवाय रेती दर साली निराळ्या जागी बसते, म्हणून गेल्या साली जेथे वाडी होती तेथे यंदा डोह असतो. सातबाऱ्याला हे मानवणारे नाही.