ब्लड कल्चर निगेटिव्ह

हा घटनाक्रम कुणा एका रुग्णाचा नाही. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात कधीकधी असं घडतं, म्हणून एका काल्पनिक रुग्णाभोवती मांडला आहे. पित्ताचा खडा अडकला, स्वादुपिंडाचा काही भाग मृत झाला. तिसरा आठवडा चालू आहे. मुक्काम आयसीयूत, पोषण मानेतल्या नळीवाटे.

७२ तास आधी
पुन्हा ताप. रक्तात जंतू वाढतात का हे बघायला ब्लड कल्चर पाठवतात आणि अँटिबायोटिक आणखी वरचं लावतात. आतड्यातले जीवाणू मरतात, कँडिडाला रान मोकळं मिळतं. एरवी ही बुरशी आतड्यात निमूट राहते. भिंत दुबळी झाली की पलीकडच्या मृत भागात शिरते.

२८ तास आधी
ब्लड कल्चर निगेटिव्ह. नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. माझा जीव इथेच अडकतो. खोलवर रुजलेली कँडिडा अनेक रुग्णांत ब्लड कल्चरमध्ये सापडतच नाही. या रिपोर्टवर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

२६ तास आधी
सीटी स्कॅनमध्ये मृत भागात हवेचे बुडबुडे. संसर्गाची दाट शंका. पण जीवाणूंचा की बुरशीचा, हे स्कॅन सांगत नाही.

२० तास आधी
सुईने पू काढतात. फॉर्मवर नुसतं ‘कल्चर’. बुरशीची शंका कुणी लिहीत नाही. नमुना लॅबमध्ये पोचतो, स्लाइड सकाळवर राहते. स्लाइड रंगवून बघायला, म्हणजे ग्रॅम स्टेनला, तासभरही लागत नाही, म्हणून ही रात्र वाया गेल्याची मला फार चीड येते.

६ तास आधी
स्लाइडवर पू-पेशींच्या गर्दीत जांभळ्या, अंडाकृती पेशी, जीवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या. काहींना कोंब फुटलेला, काही लांबट होऊन एकमेकींना जोडलेल्या. आयसीयूत फोन जातो: “बडिंग यीस्ट आहे, सर. स्यूडोहायफीसुद्धा.” प्रजाती कळायला अजून वेळ लागेल. काही प्रजाती फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून कॅस्पोफंजिन मागवतात.

४ तास आधी
पहिला डोस. लघवी कमी होत चालली आहे.

शून्य तास
रक्तदाब कोसळतो. तो वाढवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन, मग व्हेंटिलेटर. मृत भागाला रक्तपुरवठाच नाही, तिथे औषध पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढावाच लागतो. रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफीवर बघत पाठीच्या डाव्या बाजूने नळी घालतात.