सलग रेघ, तुटक रेघ

आजचा विषय रेडिओवर सांगायला जरा अवघड आहे, कारण तो डोळ्यांनी बघायचा आहे. म्हणून हाताशी पाटी किंवा कागद असेल तर घ्या. एक रेघ ओढा, मध्ये कुठेही न थांबता. तिच्याखाली दुसरी ओढा, पण थोडी ओढली की हात उचला, थोडी जागा सोडा आणि पुन्हा ओढा. पहिली झाली सलग रेघ, दुसरी तुटक.

या दोघी आपल्याला रोज भेटतात. शिवणाच्या बऱ्याच पुस्तकांत कापायची रेघ सलग असते आणि टीप मारायची तुटक. डांबरी रस्त्याच्या मधोमध त्या असतात. वर्तमानपत्रातल्या आणि माहितीपत्रकातल्या आलेखांतही असतात. कुठे सलग आणि कुठे तुटक, हे कोणाच्या तरी मनात आलं, कोणी तरी त्यासाठी भांडलं आणि मग ते सगळ्यांचं झालं. त्या इतिहासात महिला मंडळांचाही वाटा आहे, म्हणून तो आज आम्ही मुद्दाम सांगतो आहोत.

सुरुवात करू या कागदावरच्या रेघेपासून. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचे एक शिक्षक आणि धर्मोपदेशक होते. पाण्यात वायू मिसळून सोडावॉटर करण्याची युक्ती त्यांनीच शोधली आणि प्राणवायूच्या शोधातही त्यांचं नाव घेतात. पण त्याआधी, 1765 साली, त्यांनी एक मोठा तक्ता छापला. त्यात सुमारे 2000 नामवंत माणसांची आयुष्यं होती आणि प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ. माणूस जन्मला तिथे रेघ सुरू, वारला तिथे संपली. जास्त जगला त्याची रेघ लांब, लवकर गेला त्याची आखूड. जवळजवळ तीन हजार वर्षांचा काळ एका नजरेत दिसायचा.

पण जुन्या काळच्या कितीतरी माणसांचं जन्मसाल कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. प्रीस्टलींनी अंदाजाने आकडा ठोकून दिला नाही. जेवढं माहीत होतं तेवढी सलग रेघ ओढली आणि जिथे खात्री नव्हती तिथे ठिपके दिले. आपल्या घरचंच उदाहरण घ्या. आजीला जन्मसाल विचारलं तर ती म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात मी चालत होते बघ." म्हणजे 1972 साली ती वर्ष-दोन वर्षांची असेल. तिच्या आयुष्याची रेघ काढायची झाली, तर सुरुवात ठिपक्यांनीच करावी लागेल. त्यात आजीचा काही कमीपणा नाही. जेवढं ठाऊक तेवढंच बोलावं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे 1786 साली विल्यम प्लेफेअर यांनी देशाच्या आयात-निर्यातीचे आकडे रेघांनी दाखवले. आज शाळेत मुलं काढतात त्या आलेखाचे ते मूळपुरुष. आलेखाची रीत रुळली तशी आणखी एक पद्धत रूढ झाली : मोजलेले आकडे सलग रेघेने दाखवायचे आणि पुढचा अंदाज तुटक रेघेने. आजवरचा पाऊस सलग, पुढच्या महिन्याचं भाकीत तुटक. आलेखात तुटक रेघ इतर कामांसाठीही वापरतात, जसं सरासरी दाखवायला किंवा दोन गावांचे आकडे वेगळे ओळखू यायला. म्हणून कोपऱ्यातली खुणांची चौकट आधी वाचायची.

कागदावरची रेघ रस्त्यावर यायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. मोटारी आल्या आणि एकमेकींवर आदळू लागल्या, तेव्हा तिची गरज पडली. अमेरिकेत मिशिगन राज्यातले रस्ते अधिकारी एडवर्ड हाइन्स यांनी 1911 मध्ये रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ ओढवून घेतली. दुधाच्या गाडीतून दूध गळत गेलं, रस्त्यावर पांढरी धार उमटली आणि ती पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात इंडिओ नावाचं गाव आहे. तिथे डॉक्टर जून मॅककॅरोल राहत होत्या. नवऱ्याला क्षय झाला म्हणून कोरड्या हवेसाठी हे कुटुंब तिकडे आलं होतं. त्या भागात दुसरा डॉक्टर सहजी मिळत नसे, तेव्हा वर्षानुवर्षं लांबलांबचे रोगी त्यांनीच पाहिले. 1917 च्या शरद ऋतूत त्या आपल्या फोर्ड गाडीतून घरी निघाल्या होत्या. समोरून एक ट्रक रस्त्याच्या मधूनच आला. गाडी वाळूत घातली म्हणून त्या वाचल्या.

त्यांनी आधी रीतसर वाट धरली. रस्त्याच्या मधोमध रेघ असावी, म्हणजे ज्याने त्याने आपल्या बाजूला राहावं, हे त्यांनी गावच्या व्यापारी मंडळाला आणि जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथेच सोडलं. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः पांढरा रंग घेतला आणि आपल्या गावच्या रस्त्यावर चार इंच रुंदीची रेघ ओढून दाखवली.

पण एका गावातल्या रेघेचा उपयोग त्या गावापुरताच. शेजारच्या गावाहून येणाऱ्या ट्रकवाल्याला तिचा अर्थ कसा कळावा? म्हणून त्या इंडिओच्या महिला मंडळाकडे गेल्या. तिथून जिल्ह्याच्या आणि मग राज्याच्या महिला मंडळांच्या संघाकडे. ठराव झाले, पत्रं गेली. सात वर्षं हा पाठपुरावा चालला. नोव्हेंबर 1924 मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग आयोगाने ही कल्पना स्वीकारली आणि सुमारे 3500 मैलांच्या, म्हणजे साडेपाच हजारांहून जास्त किलोमीटरच्या, रस्त्यांवर रेघा ओढल्या गेल्या. 2002 साली इंडिओजवळच्या महामार्गाच्या एका तुकड्याला त्यांचं नाव देण्यात आलं. तोवर त्यांना जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

आता रस्त्यावरच्या तुटक रेघेचं काम काय? सगळीकडेच सलग रेघ असती, तर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली एसटी साखर कारखाना येईपर्यंत त्याच्या मागेच राहिली असती. जिथे रस्ता सरळ आहे आणि लांबवर दिसतं, तिथे पुढे जायची मुभा हवी. तुटक रेघ ती मुभा देते. 1968 च्या व्हिएन्ना करारात हे अर्थ देशोदेशींसाठी लिहून ठेवले गेले. आपल्या रस्त्यांवरही तेच अर्थ आहेत. तुटक रेघ असेल तर समोर मोकळं असल्याची खात्री करून ती ओलांडता येते. सलग रेघ ओलांडायची नाही. दोन सलग रेघा शेजारी शेजारी असतील तर दोन्हीकडच्यांना मनाई. एक सलग आणि एक तुटक अशी जोडी असेल, तर आपल्या बाजूला जी रेघ आहे ती आपल्यासाठी.

सलग रेघ घाटात, वळणावर, चढाच्या माथ्यावर का असते, त्यामागे साधा हिशेब आहे. आपण ताशी 60 किलोमीटरने जात आहोत आणि समोरूनही तेवढ्याच वेगाने गाडी येते आहे. मग दोन गाड्यांमधलं अंतर दर सेकंदाला 33 मीटरने कमी होतं. पुढच्या ट्रकला ओलांडायला दहा सेकंद लागले, तर तेवढ्यात 330 मीटर संपले. म्हणजे ओव्हरटेक करायला निघताना निदान तेवढा रस्ता नजरेत मोकळा हवा, शिवाय थोडा हातचा राखून. वळणावर आपल्याला दिसतो तो जेमतेम पन्नास-शंभर मीटर. तिथे ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, डोंगराच्या आडचं त्याला दिसत नाही. रस्ता आखणाऱ्याने ते आधी मोजून ठेवलेलं असतं आणि ती मोजणी म्हणजे ती सलग रेघ.

रस्त्यावरची असो की कागदावरची, तुटक रेघ आपल्याला एकच सांगते : इथून पुढे तुझे डोळे आणि तुझी अक्कल वापर. सलग रेघ सांगते की हे कोणीतरी मोजून पक्कं केलेलं आहे. एकीला दुसरी समजलं की घात होतो आणि तो दोन्हीकडून होतो. घाटात सलग रेघेला तुटक समजलं तर जीव जातो. बचतगटाच्या बैठकीत कोणी चकचकीत कागद आणून वर वर चढणारी रेघ दाखवली आणि आपण तिच्यातल्या तुटक भागाला पक्कं समजलो, तर वर्षाची पुंजी जाते. अंदाज किती डळमळीत असतो, हे जाणकार लपवत नाहीत. रिझर्व्ह बँकसुद्धा महागाईचं भाकीत दाखवताना पुढे पुढे रुंद होत जाणारा पंखा काढते. कारण जितकं लांबचं बघावं, तितकी खात्री कमी.

तेव्हा कोणी आलेख दाखवला तर विचारा, "आज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा." त्या बोटाच्या पुढचं सगळं अंदाज आहे, मग छापणाऱ्याने ते कितीही ठसठशीत सलग रेघेने छापलेलं असो. आणि वडापच्या जीपमध्ये बसला असाल, ड्रायव्हर वळणावर गाडी उजवीकडे काढू लागला, तर गप्प बसू नका. "दादा, रेघ सलग आहे, मागेच राहा," एवढं मोठ्याने म्हणा. तो कुरकुरेल, शेजारची माणसं वळून बघतील. बघू देत. जून मॅककॅरोलबाईंनाही पहिल्या दिवशी कोणी दाद दिली नव्हती. एकीने म्हटलं की दुसरी म्हणते, दोघींनी म्हटलं की गाडीतल्या सगळ्या म्हणतात.

पाटीवरच्या त्या दोन रेघा आज पुसू नका. संध्याकाळी मुलं शाळेतून आली की त्यांना विचारा, यातली पक्की कोणती आणि अंदाजाची कोणती. नमस्कार.