टुसॉनचे अभयदान

इंग्रजीतील 'सँक्च्युअरी' या शब्दाला आपण 'अभयारण्य' हा प्रतिशब्द दिला आणि तो वाघ, हरणे व पाखरे यांच्यासाठी राखून ठेवला. मूळ शब्द मात्र माणसांसाठीच होता. मध्ययुगीन युरोपात राजाच्या शिपायांनी पाठलाग केलेला माणूस देवळाच्या आत पोहोचला, की काही काळ तरी त्याच्या अंगाला हात लावता येत नसे. आपल्याकडे शिबी राजाची गोष्ट आहेच. शरण आलेल्या कबुतरासाठी राजा स्वतःच्या मांडीचे मांस तोडून देतो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वर्गात सांगितली गेली. पण ससाणा सरकारी हुकूम घेऊन दारात आला, तर कबुतराला पदराआड घेणाऱ्याने काय करावे? हा प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेला नाही. विचारला असता तर मी त्याला अमेरिकेतील टुसॉन गावाची हकीकत सांगितली असती.

टुसॉन हे अ‍ॅरिझोना राज्यातील शहर. तेथून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर मेक्सिकोची सरहद्द आहे. सरहद्दीवर नोगालेस नावाचे गाव आहे, अलीकडेही नोगालेस आणि पलीकडेही नोगालेस. आपण सीमाभागातली माणसे. आपल्या सीमेचा वाद पाट्यांचा, भाषेचा आणि न्यायालयातल्या तारखांचा. तेथे मधे कुंपण, आणि त्यापलीकडून येणाऱ्यांच्या मागे मृत्यू लागलेला.

तो मृत्यू एल साल्वादोर आणि ग्वाटेमाला या देशांतला. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ या काळातील यादवीत सुमारे ७५ हजार माणसे मेली. त्यातली बहुसंख्य लष्कराने आणि त्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या मारेकरी टोळ्यांनी मारली. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असतानाच गोळी घालण्यात आली. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १७ मार्चला, अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी नव्या निर्वासित कायद्यावर सही केली होती. छळाची साधार भीती असलेल्या कोणाही माणसाला आश्रय मागता येईल, मग तो कोणत्याही देशातून आलेला असो, असे त्या कायद्यात लिहिले होते. कायदा चांगला होता. पुढे जे घडले ते कायदा नसल्यामुळे नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षीच्या जुलैत एल साल्वादोरहून निघालेल्या माणसांच्या एका तांड्याला पैसे घेऊन आणणाऱ्या दलालांनी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सोडून दिले. पाण्यावाचून तेरा माणसे मेली. वाचलेल्यांना टुसॉनच्या चर्चमधील मंडळींनी आधार दिला, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा समजले की बऱ्या झालेल्या या माणसांना सरकार परत मायदेशी धाडणार आहे.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात जिम कॉर्बेट या कथेत येतो. नरभक्षक वाघांचा शिकारी तो हा नव्हे. हा क्वेकर पंथाचा, हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकून गुरे-शेळ्या पाळण्यात रमलेला, संधिवाताने हातपाय वाकडे झालेला गृहस्थ. त्याच्या एका मित्राने वाटेत एका साल्वादोरी माणसाला गाडीत घेतले. पोलिसांनी गाडी अडवून त्याला धरून नेले. दुसऱ्या दिवशी कॉर्बेटने सरळ इमिग्रेशन खात्याला फोन लावला आणि अधिकारवाणीने सांगितले, 'मी जिम कॉर्बेट बोलतोय.' मौज अशी, की टुसॉनच्या एका माजी महापौराचे नावही हेच. पलीकडच्या कारकुनाने साहेबांना कैद्याचे नाव आणि ठिकाण मुकाट्याने सांगून टाकले!

तुरुंगात गेल्यावर त्याला कळले की कैद्याच्या वतीने कोणी उभे राहायचे तर एक विशिष्ट फॉर्म लागतो. तो आणायला गेला तर कचेरीत ताटकळत ठेवले गेले, आणि फॉर्म घेऊन परत येईतो कैद्यांना दुसरीकडे हलवले होते. शाळेच्या कचेरीत जन्म गेलेल्या मला या प्रसंगाचे नवल वाटले नाही, भीती वाटली. माणसाचे जगणे-मरणे एका कागदावर येऊन ठेपते आणि तो कागद कोणत्या टेबलावर मिळतो हे त्याला कोणी सांगत नाही. 'मी स्वखुशीने परत जातो' अशा मजकुराच्या इंग्रजी कागदांवर हजारोंच्या सह्या घेतल्या गेल्या, हे पुढे न्यायालयातही सिद्ध झाले.

टुसॉनच्या लोकांनी आरंभी सारे काही नियमाने केले. फॉर्म भरले, वकील लावले, आपली घरे तारण ठेवून जामीन भरले. निकाल मात्र ठरल्यासारखे लागत. १९८४ सालचे आकडे बोलके आहेत. आश्रय मागणाऱ्या इराण्यांपैकी साठ टक्क्यांचे, अफगाणांपैकी चाळीस टक्क्यांचे अर्ज मंजूर झाले. साल्वादोर आणि ग्वाटेमालावाल्यांचे तीन टक्क्यांहून कमी. कारण उघड होते. इराण आणि रशियाधार्जिणे अफगाण सरकार ही वैऱ्याची सरकारे, तर एल साल्वादोरच्या लष्कराला अमेरिकाच पैसा आणि शस्त्रे पुरवीत होती. ते लष्कर माणसे मारते असे मान्य करणे रेगन सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून ही कुटुंबे पोटासाठी आलेली, असा शिक्का मारून मोकळे व्हायचे.

मग कॉर्बेट स्वतःच माणसे सरहद्दीपार आणू लागला. पलीकडच्या नोगालेसमध्ये फादर किन्योनेस हे धर्मगुरू आणि मारिया आगिलार ही विधवा बाई त्यांना आसरा देत. अलीकडे साउथसाइड या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जॉन फाइफ यांच्याकडे माणसे जमिनीवर अंथरुणे टाकून निजत. थोड्याच दिवसांत सरकारी वकिलाकडून निरोप आला, थांबा नाहीतर अटक करू. आता लपूनछपून चालणार नव्हते. चर्चच्या सभासदांनी गुप्त मतदान घेतले. विरोधात केवळ दोन मते पडली. रोमेरोंच्या हत्येला दोन वर्षे झाली त्या दिवशी, २४ मार्च १९८२ रोजी, साउथसाइडने आणि बर्कली परिसरातील पाच चर्चनी आपण अभयस्थान असल्याचे जाहीर केले. फाइफ यांनी देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलना पत्रच धाडले, की आम्ही हे करीत आहोत, हे आपणांस कळावे. पुढे दीडशेहून अधिक चर्च आणि ज्यू प्रार्थनास्थळे उघडपणे सामील झाली. तोंडाला रुमाल बांधलेले आईबाप तेथे उभे राहून आपल्या गावात काय घडले ते सांगत. शिकागोच्या मंडळींना असे बोलणारेच निर्वासित हवे असत, टुसॉनचे लोक दारात येईल त्याला घेत. यावरून दोघांत बरेच वाजले. मला विचाराल तर टुसॉनवाल्यांचेच खरे.

आपल्याला 'सविनय कायदेभंग' हा शब्द मिठाच्या सत्याग्रहापासून ठाऊक आहे. अन्यायी कायदा उघडपणे मोडायचा आणि शिक्षा हसत भोगायची. कॉर्बेट गांधीजींना मानणारा. तरीही हा शब्द त्याने नाकारला. त्याचे म्हणणे असे, की कायदा आम्ही मोडतच नाही. १९८० चा कायदा न्याय्य आहे आणि तो सरकार मोडते आहे. तेव्हा सरकारने टाकून दिलेला कायदा नागरिकांनी अमलात आणायचा, एवढेच आम्ही करतो. याला त्याने 'नागरी पुढाकार' असे नाव दिले. लपवाछपवी नको, हिंसा नको, आणि प्रत्येक माणसाची हकीकत तपासून तो खरोखर निर्वासित आहे ना हे आधी पाहायचे, असे त्याचे नियम होते. थोडक्यात, खात्याने करायचे काम तो शेळ्या राखणारा माणूस करीत होता. कायदाभंगापेक्षा ही वाट मला अवघड वाटते, कारण तिच्यात बंडखोरीची ऐट नाही; खातेवहीचा कंटाळवाणा चोखपणा आहे.

सरकारने खबरे पेरले. पैसे घेणारा माणूस भक्त बनून चर्चच्या बायबलवाचनाला बसे आणि अंगावरच्या यंत्रात सर्वांचे बोलणे टिपून घेई. जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत पाद्री होते, जोगिणी होत्या. अखेर अकरा जणांवर खटला चालला. न्यायाधीशांनी आधीच बजावले, की एल साल्वादोरमध्ये काय चालले आहे, आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, आरोपींची धर्मश्रद्धा काय, यांतले काहीही पंचांपुढे यायचे नाही. मग उरले काय? बचाव पक्षाने एकही साक्षीदार उभा केला नाही. १ मे १९८६ रोजी आठ जण दोषी ठरले. त्यांत फाइफ होते, फादर किन्योनेस होते, मारियाबाईही होत्या. कॉर्बेट मात्र सुटला. खबऱ्यांच्या फितींत त्याचा आवाज पुरेसा सापडलाच नाही! शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनीही कोणाला तुरुंगात धाडले नाही, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सर्वांना सोडले.

चर्चनी सरकारवर उलट दावा लावला होता, तो १९९१ साली तडजोडीने मिटला. नाकारलेल्या साल्वादोरी आणि ग्वाटेमाली अर्जांची नव्याने सुनावणी करण्याचे सरकारने कबूल केले. परराष्ट्र धोरणाचा आश्रयाच्या निर्णयाशी संबंध नसावा, हेही तेथे लिहून दिले. कॉर्बेटचे शब्द सरकारी कागदावर उतरायला दहा वर्षे लागली. तोवर परत धाडलेल्यांचे पुढे काय झाले, त्याचा हिशेब त्या कागदात नाही.

कॉर्बेट २००१ साली वारला. फाइफ १९९२ मध्ये आपल्या पंथाच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. पुढे २००४ मध्ये त्यांनी इतरांबरोबर वाळवंटात पाणी ठेवणारी एक संस्था उभी केली. देवळे, शाळा, इस्पितळे येथे धरपकड टाळावी असे अमेरिकेच्या खात्याचे धोरण होते, ते जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाले. टुसॉनचे स्वयंसेवक आजही पाण्याचे कॅन उचलून त्या वाळवंटात जातात, आणि वाटेवर ठेवून परत येतात.