तूप

नपुंसकलिंगी नाम, सामान्यरूप 'तुपा' (तुपात, तुपाची धार). लोणी मंद आचेवर कढवून, त्यातला पाण्याचा अंश उडवून, बेरी गाळली की उरतो तो स्निग्ध पदार्थ. शुद्ध ते साजूक, ताजे कढवलेले ते लोणकढे. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला आणि गोठवलेल्या तेलालाही 'वनस्पती तूप' म्हणू लागले. प्रयोग रूढ झाला, तरी तो विसंगतच.

हिंदी-गुजरातीतील 'घी' संस्कृत 'घृता'वरून आला. मराठी-कोकणीतील 'तूप' मात्र कन्नड 'तुप्प'चा सख्खा भाऊ. 'तुप्प' प्राकृतातही होता. बाराव्या शतकातील हेमचंद्राने 'देशीनाममाले'त, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या शब्दांच्या कोशात, तो नोंदवला आहे. शहाजीराजांबरोबर १६३८च्या सुमारास मराठी बंगळूरला पोहोचली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द दोन्हीकडे नांदत होता.

बंगळूरच्या इंदिरानगरात याचा प्रत्यय येतो. हिंदी भाषक 'घी' मागतो, शेजारच्या हलसूरचा तमिळ 'नेय्' म्हणतो. मराठी माणसाचे 'तूप' मात्र कन्नड दुकानदाराला लगेच उमगते. 'नंदिनी' छापाच्या तुपाच्या पाकिटावर कन्नडमध्ये 'तुप्प'च छापलेले असते. उपाहारगृहातला 'तुप्पद दोसे' म्हणजे तुपातला डोसा. 'बेण्णे दोसे' निराळा; बेण्णे म्हणजे लोणी.

एके ठिकाणी मात्र हे भाऊ वेगळे निघतात. कन्नडमध्ये मधालाही 'जेनुतुप्प' म्हणतात. 'जेनु' म्हणजे मधमाशी. मराठीने तुपाला मधापर्यंत कधी नेले नाही.

वाक्प्रचारांत मराठी तूप बहुधा स्वार्थाशी किंवा फजितीशी जोडलेले: 'आपल्या पोळीवर तूप ओढणे', 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले'. 'लोणकढी थाप' त्याच कढईतली. कन्नडमध्ये 'मूगिगे तुप्प सवरु', अर्थात नाकाला तूप चोपडणे, म्हणजे खोटी आशा लावणे: वास येतो, चव मिळत नाही. मराठीत हेच काम गूळ करतो, तोही कोपराला लावून. कन्नड योजना अधिक खट्याळ.

इंदिरानगरात नव्याने राहायला आलेल्याने दुकानात 'तुप्प कोडी' म्हणावे. बाटलीवर 'तुप्प'च्या आधी 'जेनु' असेल, तर ती भातासाठी घेऊ नये.