ठाणें जिल्ह्याचें गवत

कल्याण-डोंबिवलीकडे आज जिकडे पाहावें तिकडे उंच इमारती दिसतात. एके काळीं याच भागांत भातखाचरें आणि वरकस माळ होते. वरकस म्हणजे भाताला न चालणारी, उताराची हलकी जमीन. तींत नाचणी-वरईचें पीक कांहीं वर्षें घ्यावें आणि मग ती पडीत टाकावी, असा क्रम असे. पडीत जमिनीवर पावसाळ्यांत माणसाच्या कमरेइतकें गवत उभें राही, आणि तेंच तिचें उत्पन्न ठरे.

गवत आपोआप उगवतें, त्याची निगा ती काय राखावयाची, असें शहरांतील माणसास वाटण्याचा संभव आहे. शेतकऱ्याला मात्र तसें वाटत नाहीं. मृगाच्या पावसानें कोंभ फुटले कीं राखीव कुरणांत गुरांना मज्जाव होतो. कारण मारवेल, पवन्या यांसारखीं चांगलीं गवतें बीं धरण्यापूर्वींच वर्षानुवर्षें चरलीं गेलीं तर तीं विरळ होतात व त्यांच्या जागीं कुसळी माजते. पाऊस सरल्यावर कापणीची वेळही साधावी लागते. घाई केली तर ओलें गवत गंजींत कुजतें. उशीर केला तर सत्त्व जाऊन नुसती काडी हातीं येते. पुढें उन्हाळ्यांत वणव्याचें भय. म्हणून कुरणाच्या कडेचा पट्टा आधींच जाळून मोकळा ठेवावयाचा.

या गवताचें भाताशींही जवळचें नातें आहे. पावसाळ्यापूर्वीं रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून तें जाळतात. यालाच राब म्हणतात. आंचेनें तणाचें बीं मरतें, राखेचें खत मिळतें, माती भुसभुशीत होते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव होऊं लागलीं आणि टहाळ तोडण्यावर व गुरें चारण्यावर बंधनें आलीं. तेव्हां रयतेला राबाची पंचाईत पडली. ठाणें फॉरेस्ट असोसिएशननें ही गाऱ्हाणीं सरकारपुढें मांडलीं. अखेर १८८५ मध्यें मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर पडला.

दरम्यान गवताला मोठें गिऱ्हाईक मिळालें होतें. १८५३ मध्यें आगगाडी ठाण्यास व १८५४ मध्यें कल्याणास पोंचली. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली. विजेची ट्राम आली ती १९०७ मध्यें. गाड्याघोड्यांच्या त्या काळांत तबेल्यांना आणि म्हशींच्या गोठ्यांना वैरण लागे ती ठाणें जिल्ह्याच्या माळांवरून जाई. दाबून बांधलेले गवताचे गठ्ठे आगगाडीनें जात, तसेच खाडीवाटे होड्यांनींही जात.

परंतु श्रोत्यांनीं एक प्रश्न विचारावा: हें गवत कापीत कोण? जिल्ह्याच्या उत्तर भागांत तें काम मुख्यतः वारल्यांकडे असे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या, डोक्यावर कर्ज, आणि त्यापायीं वेठ. जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांतील टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली. तिला आलेले थोडे वारली आपल्या पाड्यांवर नवी भाषा घेऊन गेले. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें हजारों वारली जमले आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यांच्या पाठीशीं होते.

त्या वर्षीं कापणीचा हंगाम येतांच वारल्यांनीं मागणी केली कीं, ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत. कापणीची वेळ चुकली तर माल वाया जातो, हें त्यांच्याइतकें कोणास कळणार? त्यांनीं विळे खालीं ठेवले. ऑक्टोबरमध्यें तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत पांच जण मरण पावले. तरी संप मोडला नाहीं, आणि पुष्कळ जमीनदारांना तो दर कबूल करावा लागला.

आतां घोड्यांच्या ट्रामी नाहींत. जिल्ह्याचा तो उत्तर भागही १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेला आहे. कल्याण-डोंबिवलीच्या माळांवर वस्ती झाली, आणि तेथील गवत इमारतींपुढील हिरवळीपुरतें उरलें. मुंबईच्या थोरवीचा इतिहास सांगतांना बंदर, गिरण्या आणि आगगाडी यांचीं नांवें नेहमीं येतात. त्यांच्या पंक्तीला हें गवतही बसवावयास हवें. आणि गवताचा हिशेब मांडतांना तें कापणाऱ्या हातांना काय मिळालें, हेंही त्यांत लिहिलें पाहिजे.